पंचमीचा भरणा

मुरुमच्या आमच्या शाखेत हरिबा वर्षातून एकदाच येत. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, शटर वर जायच्या आधीच ते पायरीवर बसलेले असत. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर काळं घोंगडं आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पासबुक. पासबुक त्यांचं नव्हतं, त्यांच्या मुलीचं होतं. ज्ञानेश्वरीचं. ती आयर्लंडला नर्स होती. तिच्या खात्यात हरिबा पाचशे एक रुपये भरत आणि परत जात.

पंचमीला लेक माहेरी येते, झोका खेळते, हातात नव्या बांगड्या भरते, आणि निघताना बाप तिच्या हातावर चोळीबांगडीचे पैसे ठेवतो. जिला येता येत नाही तिला ते पाठवले जातात. कुणी मनिऑर्डर करायचे, हल्ली फोनवरून पाठवतात. हरिबांना फोनवरून पाठवता येत नव्हते, म्हणून ते बँकेत येत. लिहिता-वाचता येत नसल्यामुळं स्लिप मी भरून देत असे. तेवढ्यापुरतीच आमची ओळख. पुढे मात्र त्यांची बरीचशी हकीगत मला समजत गेली, थोडी त्यांच्याकडून आणि थोडी आमचा शिपाई महांतेश याच्याकडून. महांतेश त्यांच्याच गावचा.

हरिबांचं गाव मुरुमपासून दोन-अडीच कोसांवर. दोन एकर माळरान आणि मेंढरं. एके काळी शंभरावर होती, आता तीसेक उरली आहेत. घरात बायको धुरपदाबाई आणि ही एकच मुलगी. मुलगी जन्मली तेव्हा हरिबांनी कळपातली एक पाठ, म्हणजे मादी कोकरू, तिच्या नावानं सोडली. ती मेंढी मुलीची, तिला होणाऱ्या माद्याही मुलीच्या, आणि त्या वंशातला जो नर विकला जाईल त्याचा पैसा मुलीचा. त्या पैशाला घरच्या खर्चात हात लावायचा नाही. ज्ञानेश्वरीची दहावी-बारावी आणि सोलापूरचा नर्सिंगचा कोर्स असा तिच्याच मेंढरांवर झाला. वसतिगृहाची फी भरायला हरिबा सोलापूरला जात तेव्हा कॉलेजातल्या मुली तिला म्हणत, "तुझं एटीएम आलं बघ घोंगडं पांघरून." ही गोष्ट हरिबा मोठ्या कौतुकानं सांगत.

पुढे ती पुण्याला नोकरीला लागली आणि तिथंच बरोबर काम करणाऱ्या एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा जातीतला नव्हता. ती सांगायला गावी आली. बोलणं वाढलं. दुसऱ्या दिवशी ती परत निघाली तेव्हा धुरपदाबाईंनी हरिबांना बळेच स्टँडवर पाठवलं. तिथं बस लागलेली असताना, चार माणसांसमोर हरिबा तिला म्हणाले, "आजपास्नं तुझी चोळीबांगडी बंद."

बाप लेकीला रागानं पुष्कळ बोलतो. ती रडते, आणि चार दिवसांनी फोन करते. पण चोळीबांगडी बंद म्हणजे तुला माहेर नाही. ते बोलणं वेगळं. ज्ञानेश्वरी बसमध्ये चढली. हे २०१४ सालचं. त्याच वर्षी दोघं नवराबायको परदेशी गेली. दुसऱ्या वर्षी थंडीत धुरपदाबाई वारल्या. मुलीला ते दहा-बारा दिवसांनी कळलं. तिनं चुलत्याच्या फोनवर फोन केला. चुलता फोन घेऊन अंगणात आला आणि हरिबांपुढं धरला. हरिबा मेंढरं सोडत होते. त्यांनी फोन घेतला नाही.

"का घेतला न्हाय ते मला बी सांगता येत न्हाय," ते मला एकदा म्हणाले. "हातात काठी व्हती. काठी खाली ठिवायची, मग फोन घ्यायचा. त्येवढ्यात त्यो बंद झाला."

त्यानंतर तिचा फोन आला नाही. चुलत्याकडचा नंबर पुढं लागेना.

धुरपदाबाईंची पेटी आवरताना लुगड्यांच्या तळाला हे पासबुक सापडलं. शिष्यवृत्तीसाठी मुलीनं आमच्या शाखेत खातं काढलं होतं, आणि जाताना पासबुक आईजवळ ठेवलं होतं. २०१६च्या पंचमीला ते घेऊन हरिबा पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आले.

"सायेब, ह्यात पैसं टाकलं तर तिला तिकडं मिळत्यात का?"

मी म्हणालो, "तिच्याकडं कार्ड असेल तर तिकडंही काढता येतात."

"मग टाका. पाचशे एक. चोळीबांगडीचं म्हणून लिवा."

स्लिपवर तसं लिहायला जागा नसते. मी मागच्या बाजूला लिहिलं. त्याचा व्यवहाराशी काही संबंध नव्हता, पण लिहिलं.

पुढच्या वर्षी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मागच्या साली टाकल्यालं तिनं काढलं का?"

मी म्हणालो, "हरिबा, दुसऱ्याच्या खात्याचं आम्हाला सांगता येत नाही. नियम आहे."

"म्या बाप हाय की तिचा."

"बाप असला तरी."

मग त्यांचा चेहरा उजळला. "आसं बगा सायेब. काढलं नसतं तर तुमी म्हणला असता, हरिबा, पैसं पडून हायत, कशाला टाकता? तुमी गप बसला. म्हंजी काढलं."

महांतेश मागं उभा होता. तो म्हणाला, "म्हातारा वकील व्हायचा तो धनगर झाला बघा!"

"वकिलाला मेंढरं राखाय येत्यात व्हय रं?" हरिबा म्हणाले, आणि पैसे मोजून खिडकीतून आत सरकवले.

मी गप्प राहिलो. खातं माझ्या समोरच्या पडद्यावर उघडं होतं. ज्ञानेश्वरी गेल्यापासून त्यातून एक रुपयाही काढला गेलेला नव्हता. नियम खरा होता आणि मी नियमच पाळला, पण हरिबांनी माझ्या गप्प राहण्यातून काय अर्थ काढला हेही मला दिसत होतं. त्यानंतर दर पंचमीला हा प्रश्न आला आणि दर पंचमीला मी तसाच गप्प राहिलो. मधली तीन वर्षं माझी बदली उमरग्याला होती, तेव्हा दुसरं कुणी गप्प राहिलं असेल. परत आलो तेव्हाही पायरीवर हरिबा होतेच.

"कुटं गेलता सायेब? तुमच्या जागी एक पोरगं व्हतं. त्येनं मागं काय लिवलंच न्हाय. चोळीबांगडीचं हाय म्हणलं तर म्हणतंय, कशाचं बी असंना, कॅश कॅश असती."

"बरोबर आहे त्याचं."

"काय बरोबर हाय? लेकीला वाटंल बापानं उगाच कुटलं तरी टाकलं."

एके वर्षी त्यांचं एक मेंढरू पाठोपाठ दारापर्यंत आलं आणि फळ्यावर लावलेली मराठीतली नोटीस त्यानं खाल्ली. महांतेश ओरडत धावला. हरिबा शांतपणे म्हणाले, "खाऊं दे की. तुमच्या नोटिशी दुसरं कोण वाचतंय?"

गेल्या फेब्रुवारीत ते अचानक आले. पंचमीला अजून पाच महिने होते. मला वाटलं काही तब्येतीचं असेल. पण पटका नवा होता आणि दाढी केलेली होती. खिडकीशी न येता ते सरळ आत माझ्या टेबलाजवळ आले आणि घोंगड्याच्या आतून एक पाकीट काढून समोर ठेवलं.

"पोष्टमन घेऊन आलता. तिच्या नावानं हाय म्हणला. माज्या पत्त्यावर, पर नाव तिचं. ज्ञानेश्वरी हरिबा. वाचून दाखवलं त्येनं मला, वरचं. आतलं म्या फोडू दिलं न्हाय."

"का?"

"तिचा कागद हाय. आपून कसा फोडायचा? आन् सायेब, उगाच कोण धाडंल हितं? ती यायची असंल. यायच्या आदी कागद फुडं येत असत्यात, आमच्या गावचा एक मिलिटरीत हाय, त्येचं तसंच असतंय. घराला चुना बी दिला म्या परवा."

पाकिटाच्या कोपऱ्यावर आमच्या बँकेचं नाव होतं. ते मला लांबूनच ओळखू आलं, कारण ते मीच पाठवलेलं होतं. दहा वर्षांत ज्या खातेदारांनी ओळखीची कागदपत्रं नव्यानं दिली नव्हती त्यांची यादी जानेवारीत आली होती. दोनशे चौदा नावं होती. प्रत्येकाला नोंदलेल्या पत्त्यावर नोटीस पाठवायची होती. मी आणि महांतेशनं दोन दिवस बसून पाकिटं भरली. यादीतल्या पत्त्यांवरून माझी नजर फिरली, पण माणसांवरून फिरली नाही. नाही तर ज्ञानेश्वरीचा नोंदलेला पत्ता म्हणजे हरिबांचंच घर, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"हरिबा, बसा," मी म्हणालो.

ते बसले नाहीत. म्हणून उभ्या उभ्याच सांगावं लागलं. हा कागद तिच्याकडून नाही, तिला आहे. बँकेनं पाठवलेला. तिनं येऊन किंवा कळवून कागदपत्रं दिली नाहीत तर खात्यातला व्यवहार थांबेल, एवढंच त्यात आहे.

"थांबंल म्हंजी?"

"पैसे भरता येणार नाहीत, काढताही येणार नाहीत."

"आन् म्या टाकल्यालं?"

आमच्या शाखेत तेव्हा निकिता नावाची नवी अधिकारी आली होती. लातूरची मुलगी, कामाला चोख, मनानं मऊ. ती शेजारच्या टेबलावरून उठून आली. तिला हरिबांची काळजी मिटवायची होती. तिनं खातं उघडलं आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही काही काळजी करू नका. तुमचे सगळेच्या सगळे पैसे आहेत. नऊ वर्षांत कुणी हातसुद्धा लावलेला नाही त्यांना."

हरिबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"सगळं हाय?"

मी मान हलवली.

"मग तुमी गप का बसत व्हता?"

"नियम आहे, हरिबा. तेव्हाही सांगितलं होतं."

"लई ग्वाड नियम हाय तुमचा," ते म्हणाले, आणि मग खुर्चीत बसले. निकितानं पाणी आणलं. ते तसंच टेबलावर राहिलं. मग त्यांनी विचारलं, "तिला ठावंच न्हाय, का ठावं हाय आन् घेत न्हाय?"

पैसे जमा झाल्याचा मेसेज जातो, पण तो तिच्या जुन्या पुण्याच्या नंबरवर. तो नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाला मिळाला असेल. म्हणजे तिला कळलं नसण्याचीच शक्यता जास्त. तसं मी सांगितलं. हरिबांनी ते ऐकून घेतलं.

"मग तिकडच्या बँकेत धाडा. थेट."

परदेशी पैसे पाठवायची सोय आमच्या शाखेत नव्हती. ती सोलापूरच्या मोठ्या शाखेतून होते. त्यासाठी पाठवणाऱ्याचं पॅन कार्ड लागतं, फॉर्म लागतो, आणि पाठवणावळच पाचशे एकापेक्षा जास्त होते. हे मी समजावलं.

"हूं दे की जास्त. एक मेंढरू जाईल. पॅन काढू."

"त्याशिवाय तिचा तिकडचा खाते नंबर लागतो."

"त्यो कोण देणार?"

"तीच."

पाठवायला माणूस तयार, पैसे तयार, आणि जिला पाठवायचे तिनंच विचारल्याशिवाय पाठवता येत नाहीत.

निकितानं मग फोन काढला. तिनं फेसबुकवर शोधायला सुरुवात केली. नाव नवऱ्याच्या आडनावानं असेल, सोलापूरचं नर्सिंग कॉलेज, आयर्लंड, असं करत करत पाऊण तासानं तिनं एक फोटो हरिबांपुढं धरला. "आजोबा, हीच का?"

निळ्या गणवेशातली एक बाई, केस मागं घट्ट बांधलेले, मागं काचेचं दार. हरिबांनी फोन हातात घेतला नाही, वाकून पाहिलं. तोंडाकडं फार वेळ पाहिलं नाही. हाताकडं पाहिलं.

"हात मोकळंच हायत," ते म्हणाले.

"ड्युटीवर बांगड्या घालू देत नाहीत आजोबा, नर्सना."

"आसं व्हय?" मग पुन्हा वाकून, "कुनालाच न्हाय?"

"कुणालाच नाही."

"बरं."

मेसेज काय लिहायचा यावर बराच वेळ गेला. हरिबा म्हणाले, "लिवा, चुकलं म्हणावं." आणि लगेच म्हणाले, "नगं. ते तिनं आल्यावर म्या तोंडानं म्हणीन. पैशाचंच लिवा." शेवटी मी सांगितलं आणि निकितानं टाइप केलं. मुरुम शाखेतून लिहीत आहोत. तुमच्या वडिलांनी २०१६पासून दर पंचमीला तुमच्या खात्यात चोळीबांगडीचे पाचशे एक रुपये भरले आहेत. ते सर्व शिल्लक आहेत. खाते चालू राहण्यासाठी तुमची कागदपत्रे लागतील. वडिलांची प्रकृती ठीक आहे. खाली शाखेचा आणि चुलत्याचा फोन नंबर. मी वाचून दाखवलं. हरिबा म्हणाले, "मेंढीचं बी लिवा. तिची हाय अजून. आठवी पिढी."

निकितानं तेही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निकिता माझ्या टेबलाशी आली. "सर, तिनं पाहिलंय."

"उत्तर?"

"नाही."

आठ दिवस गेले, पंधरा गेले. निकिता रोज आल्यावर एकदा फोन पाहायची आणि माझ्याकडं पाहून मान हलवायची. पुढं मान हलवणंही थांबलं. दुसरा मेसेज पाठवायचा का, असं तिनं विचारलं. मी नको म्हणालो. तिनं एकदा वाचलं होतं. पुन्हा विचारणं हे बँकेचं काम नव्हतं, आणि माझं कितपत होतं हे मला ठरवता येईना. मार्च अखेरीस ते खातं व्यवहारासाठी बंद झालं.

एप्रिलात बाजारच्या दिवशी हरिबा आले. खिडकीशी गर्दी होती, ते बाजूला भिंतीला टेकून थांबले. गर्दी ओसरल्यावर पुढं आले.

"आलं का काय?"

"हरिबा, अजून..." मी म्हणालो आणि समोरच्या स्लिपा एकावर एक नीट लावू लागलो. त्या आधीच नीट होत्या.

हरिबा माझ्या हातांकडं पाहत राहिले. "वाचलं तिनं," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही.

"तुमी गप बसला म्हंजी वाचलं. न्हाय तर तुमी म्हणला असता, हरिबा, अजून वाचलं न्हाय, दम धरा."

"वाचलं," मी म्हणालो. या खेपेला कसला नियम नव्हता.

"कदी?"

"तिसऱ्याच दिवशी."

त्यांनी पटका काढून पुन्हा बांधला. हरिबा म्हणाले, "मेंढीचं बी वाचलं असंल?"

"सगळं एकाच मेसेजमध्ये होतं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि गेले. त्यात बरं काय होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. बापानं पैसे ठेवले हे लेकीला आता ठाऊक झालं, एवढंच असावं. त्यापुढचं तिच्या हातात होतं, आणि तिचा हात इथून फार लांब होता.

यंदाची पंचमी २९ जुलैला होती. २८ला सोमवार. शटर वर गेलं तेव्हा पायरीवर हरिबा होते. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. पिशवीतलं पासबुक त्यांनी खिडकीत ठेवलं आणि वर नोटा ठेवल्या. पाचशेच्या दोन आणि वर एक नाणं.

"यंदा हजार एक," ते म्हणाले. "तिच्या मेंढीनं जुळी दिली व्हती. दोनी नर. दोनी बाजारात इकलं."

"हरिबा, खातं बंद आहे. भरून घेता येत नाही. माहीत आहे ना तुम्हाला?"

"ठावं हाय."

"मग?"

"तुमी स्लिप लिवा. पैसं म्या ठिवतो माज्याजवळ. पर कुणाचं हायत, कशाचं हायत, ते लिवल्यालं पायजे. न्हाय तर घरात मिसळत्यात."

मागं रांग होती. कुणीतरी म्हणालं, "बाबा, लवकर आवरा की." निकितानं तिच्या टेबलावरून माझ्याकडं पाहिलं. बंद खात्याची स्लिप लिहायला काही मनाई नाही, कारण तसं कुणी करेल असं नियम करणाऱ्याच्या मनातच आलेलं नसतं. मी कोरी स्लिप घेतली. तारीख लिहिली. खातेदाराचं नाव, ज्ञानेश्वरी. खाते नंबर पासबुकावरून लिहिला, तो मला पाठ होता तरी पाहून लिहिला. रक्कम आकड्यात आणि अक्षरात. मागं लिहिलं, चोळीबांगडीचे.

"शिक्का?" हरिबा म्हणाले.

शिक्का माझ्या उजव्या हाताशी होता. पैसे घेतल्याशिवाय मी नोकरीत कधी शिक्का मारलेला नाही.

"शिक्का मारता येत नाही, हरिबा."

"ऱ्हाऊ द्या मग."

त्यांनी स्लिपमध्ये दोन नोटा आणि नाणं गुंडाळलं, ते पासबुकात ठेवलं, पासबुक पिशवीत घातलं आणि पिशवीला गाठ मारली. मग गाठ पुन्हा सोडून स्लिप आत नीट आहे का ते पाहिलं.

"फुडच्या साली तुमी हायसा का हितं?"

"नाही. डिसेंबरात निवृत्त होतोय."

"मग त्या पोरीला सांगून ठिवा," निकिताकडं बोट करून ते म्हणाले. "मागं काय लिवायचं ते. कॅश कॅश म्हणू नगं म्हणावं."

मी तिला सांगून ठेवलं आहे.